आडातले पाणी निवळावे कसे?

‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?’ ही म्हण आपण उठता-बसता वापरतो. म्हण खरीच आहे. पण तिच्या पोटात एक गृहीत दडलेले आहे. आडात पाणी आहे की नाही एवढाच काय तो प्रश्न, आणि असेल तर ते पिण्याजोगे असणारच, असे आपले पूर्वज धरून चालले. त्यांच्या काळी ते बव्हंशी बरोबरही होते. आता मात्र या म्हणीची दुसरी बाजू विचारण्याची पाळी आली आहे. आडात जे नसावे तेच असेल, तर पोहऱ्यात चांगले पाणी कोठून येणार?

ग्वाल्हेर, इंदूर, देवास, बडोदे येथील जुन्या मराठी वाड्यांत चौकातला किंवा परसातला आड हा घराचाच एक घटक होता. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले म्हणजे माणसे आत उतरत, गाळ उपसून वर काढीत, कपारी साफ करीत. साथीचे दिवस आले की आडात लाल औषध पडे. मग चार दिवसांनी ‘आड निवळला’ असे घरातली वडीलमंडळी म्हणत, आणि ते योग्यच असे. कारण घाण वरून पडलेली असे, झरे शुद्ध असत. पण झऱ्यांतच विष उतरले असेल तर आड कितीदाही उपसावा, जितके पाणी काढावे तितकेच दूषित पाणी पुन्हा आत येणार. अशा वेळी आड धुऊन भागत नाही. त्याच्या भोवतालची, डोळ्यांना न दिसणारी जमीन धुवावी लागते.

जमिनीखालचे पाणी असे धुता येते काय? येत असल्यास त्यास किती काळ लागतो, आणि ते धुतले गेले हे कळावे तरी कसे? या प्रश्नांची परीक्षा पाहणारा एक मोठा प्रयोग अमेरिकेतील कोलोराडो राज्यात, डेन्व्हर शहरालगत, १९७८ साली सुरू झाला. तेथील पाण्याची व्यवस्था अद्याप चालू आहे. घरोघरी बोअर असलेल्या आपल्यासारख्यांनी ती हकीकत एकदा मुळापासून समजावून घेण्यासारखी आहे.

युद्धाचा वारसा

दुसरे महायुद्ध ऐन भरात असताना, १९४२ साली, अमेरिकन सैन्याने डेन्व्हरच्या ईशान्येस सुमारे १७,००० एकर शेतजमीन ताब्यात घेऊन तेथे ‘रॉकी माउंटन आर्सेनल’ हा रासायनिक शस्त्रांचा कारखाना उभारला. तेथे मस्टर्ड वायू व आगलावे बॉम्ब तयार होत. पुढे १९५३ ते १९५७ या काळात सरीन हा मज्जासंस्थेवर आघात करणारा विषारी पदार्थही तेथेच तयार झाला. युद्ध संपल्यावर कारखान्याचा काही भाग खासगी कंपन्यांना भाड्याने देण्यात आला. १९५२ पासून १९८२ पर्यंत शेल कंपनीने तेथे कीटकनाशके बनविली. आल्ड्रिन, डील्ड्रिन ही नावे आपल्याकडील जुन्या शेतकऱ्यांनाही अपरिचित नसावीत.

या साऱ्या उद्योगातून निघणारे सांडपाणी आवारातील एका नैसर्गिक खोलगट जागेत सोडले जाई. तिच्या तळाला कसलेही अस्तर नव्हते. तळे भरले की शेजारी दुसरे, मग तिसरे. पाणी सूर्याच्या उष्णतेने वाफ होऊन उडून जाईल, असा हिशेब होता. काही उडाले, बाकीचे मुरले. त्या भागात वरच्या थरात वाळू आणि खडी असून त्याखाली चिकणमातीयुक्त खडकाचा थर आहे. वाळूतून मुरलेले पाणी त्या खडकावर टेकले आणि त्याच्या उतारावरून उत्तरेकडे व वायव्येकडे, साउथ प्लॅट नदीच्या दिशेने, सावकाश सरकू लागले.

जमिनीखालचे पाणी नदीसारखे धावत नाही. वाळूच्या कणाकणांमधून वाट काढीत ते दिवसाला काही इंच किंवा काही फूट सरकते. म्हणूनच त्याचे दुष्परिणाम कारखान्याच्या कुंपणापाशी पोहोचावयास दहा-बारा वर्षे लागली. १९५४ च्या सुमारास आवाराबाहेरील शेतकरी तक्रार घेऊन आले. विहिरीचे पाणी दिलेली पिके करपत होती. चौकशी झाली आणि १९५६ साली ९३ एकरांचे, डांबराचे अस्तर असलेले नवे तळे बांधण्यात आले. तथापि जे आधीच मुरले होते ते जमिनीखाली चालतच राहिले.

खोल विहिरीचा धडा

नवे तळेही अपुरे पडू लागले तेव्हा एक धाडसी उपाय योजण्यात आला. सांडपाणी इतके खोल पुरावे की माणसाशी त्याचा पुन्हा संबंधच येऊ नये! त्यासाठी १९६१ साली १२,०४५ फूट, म्हणजे साडेतीन किलोमीटरहूनही अधिक खोल विहीर खणण्यात आली आणि मार्च १९६२ पासून तीत दाबाने सांडपाणी घालण्यास आरंभ झाला. पुढील महिन्यापासून डेन्व्हरच्या रहिवाशांना भूकंपाचे हादरे जाणवू लागले. ज्या शहरात भूकंप ही जवळजवळ ऐकीव गोष्ट होती, तेथे ते शेकड्यांनी मोजले जाऊ लागले.

डेव्हिड एव्हान्स या भूशास्त्रज्ञाने १९६५ च्या नोव्हेंबरात विहिरीत घातलेल्या पाण्याचे मासिक आकडे आणि भूकंपांचे मासिक आकडे एकाखाली एक मांडून दाखविले. जेव्हा पाणी अधिक, तेव्हा हादरे अधिक. पाणी बंद, तेव्हा हादरे मंद. खोल खडकांतील जुन्या भेगांमध्ये दाबाने शिरलेल्या पाण्यामुळे त्या भेगांच्या दोन्ही बाजूंची एकमेकींवरील पकड ढिली होत होती. फेब्रुवारी १९६६ मध्ये विहीर बंद करण्यात आली. तोवर सुमारे साडेसोळा कोटी गॅलन सांडपाणी तीत गेले होते. पाणी बंद झाले तरी भूकंप लगेच थांबले नाहीत; सर्वांत मोठे तीन धक्के त्यानंतर, १९६७ साली बसले. दाब खडकातून पसरत जावयास वेळ लागतो, तसाच तो उतरावयासही.

त्याच १९६७ सालच्या ११ डिसेंबर रोजी आपल्या कोयनेचा भूकंप झाला, हे मराठी वाचकांना सांगावयास नको. तेथे पाणी विहिरीतून घातलेले नव्हते, ते धरणाच्या जलाशयात साठलेले होते. परंतु पाण्याचा भार आणि खडकांतील पाण्याचा दाब यांचा भूकंपाशी काय संबंध, या अभ्यासात डेन्व्हर आणि कोयना ही दोन नावे तेव्हापासून जवळजवळ घेतली जातात. कोयना भागातील गोठणे येथे २०१७ साली सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन शास्त्रज्ञांनी हाच विषय पुढे चालविला आहे.

या प्रसंगातून एक गोष्ट पक्की झाली. जमिनीत घातलेली वस्तू ‘गेली’ असे कधी होत नाही. ती कोठे तरी असते आणि काही तरी करीत असते.

कुंपणाबाहेरच्या विहिरी

१९७४ साली आर्सेनलच्या उत्तर सीमेवरील पाण्यात दोन रसायने सापडली. त्यांपैकी एक सरीन तयार करताना निघणारे उपद्रव्य होते. त्याचे लांबलचक नाव टाळून तेथील लोक त्याला आद्याक्षरांवरून ‘डिम्प’ म्हणत. दुसरे कीटकनाशकांसाठी लागणारा कच्चा माल होता. कुंपणाबाहेरील एका विहिरीतही डिम्प आढळले. सरीनचे उत्पादन बंद होऊन तेव्हा सतरा वर्षे उलटली होती! एप्रिल १९७५ मध्ये कोलोराडोच्या आरोग्य खात्याने सैन्य आणि कंपनी या दोघांनाही आदेश दिला की, दूषित पाणी सीमेबाहेर जाणे बंद झाले पाहिजे.

आदेश देणे सोपे, पाळणे कठीण. नदीला बांध घालता येतो; वाळूत मुरलेल्या, रुंदी-खोली अज्ञात असलेल्या पाण्याला बांध कोठे घालावा? प्रथम त्याची वाट शोधावी लागली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील लिओनार्ड कोनिकोव यांनी यासाठी सांडपाण्यातील मिठाचा साक्षीदार म्हणून उपयोग केला. क्लोराइड जमिनीत फारसे अडकत नाही. पाणी जाईल तिकडे ते जाते. ठिकठिकाणच्या विहिरींतील क्लोराइड मोजून आणि गणिती प्रतिरूपावर सुमारे तीस वर्षांचा प्रवास पुन्हा मांडून त्यांनी १९७७ साली दाखविले की, हे पाणी आपोआप स्वच्छ होण्याची वाट पाहावयाची तर अनेक दशके जातील.

१९७८ ची चाचणी

तेव्हा उत्तर सीमेवर एक छोटी चाचणी-व्यवस्था उभारण्याचे ठरले. तिची रचना कागदावर अगदी सोपी वाटते. सीमेलगत १,५०० फूट लांबीचा अरुंद चर खालच्या खडकापर्यंत खणण्यात आला आणि तो बेंटोनाइट मिसळलेल्या मातीने भरण्यात आला. बेंटोनाइट ही पाणी लागताच फुगणारी चिकणमाती आहे. चर भरला म्हणजे जमिनीखाली पाणी सहसा न झिरपू देणारी एक भिंत तयार होते. भिंतीच्या अलीकडे, म्हणजे जिकडून दूषित पाणी येते त्या बाजूला, सहा उपसा विहिरी घेण्यात आल्या. भिंतीच्या पलीकडे बारा भरण विहिरी. मध्ये शुद्धीकरणाचे छोटे घर.

उपसा विहिरींतून काढलेले पाणी सक्रिय कोळशाच्या टाक्यांतून जाई. हा कोळसा आपल्या शेगडीतल्या कोळशाचाच भाऊबंद. पण विशेष प्रक्रियेने त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडलेली असतात. चिमूटभर कोळशाच्या आतील भिंती उलगडून पसरल्या तर एखादे अंगण झाकले जाईल, इतका त्याचा पृष्ठभाग मोठा असतो. सेंद्रिय रसायनांचे रेणू त्यास चिकटून राहतात आणि पाणी पुढे जाते. हे पाणी मग भरण विहिरींतून भिंतीपलीकडच्या वाळूत परत सोडण्यात येई.

उपसा विहिरी सहा आणि भरण विहिरी दुप्पट का, असा प्रश्न चौकस वाचकाच्या मनात येईल. जमिनीतून पाणी ओढणे सोपे, पण तिला ते पाजणे अवघड असते, हे त्याचे उत्तर. उपसताना विहिरीच्या जाळीभोवतीची बारीक माती पाण्याबरोबर बाहेर निघून जाते आणि वाट मोकळी होत राहते. भरताना उलटे घडते. पाण्यातील सूक्ष्म कण, हवेचे बुडबुडे, जंतूंचे बुळबुळीत थर हे सारे जाळीवर आणि पलीकडच्या वाळूत जाऊन बसते. आज शंभर घागरी पिणारी विहीर वर्षाने साठावर येते. म्हणून भरण विहिरींची संख्या अधिक ठेवावी लागते, त्या वरचेवर साफ कराव्या लागतात.

या चाचणीत कोणत्या गोष्टी पारखावयाच्या होत्या? पहिली, कोळसा ही रसायने खरोखर धरून ठेवतो काय. ही परीक्षा सर्वांत सोपी. टाकीत जाणारे आणि टाकीतून येणारे पाणी तपासले की झाले. दुसरी, दूषित पाणी सगळेच्या सगळे उपसा विहिरींकडे वळते काय, की भिंतीच्या टोकांना वळसा घालून निसटते. तिसरी, जमीन परत घातलेले पाणी मुकाट्याने स्वीकारते काय. आणि चौथी, भिंतीपलीकडील लोकांच्या विहिरींतले पाणी पूर्वीइतकेच राहते काय.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नांचे उत्तर कोणत्याही टाकीत दिसत नाही. त्यासाठी भिंतीच्या दोन्ही बाजूंना निरीक्षण विहिरी असतात. त्यांतून पाणी उपसावयाचे नसते. फक्त दोरी सोडून पातळी पाहावयाची आणि नमुना घ्यावयाचा. पाणी नेहमी उंच पातळीकडून खालच्या पातळीकडे जाते, हा सहावीच्या पुस्तकातला नियम जमिनीखालीही तितकाच लागू आहे. भिंतीच्या अलीकडची, दूषित बाजूची पातळी उपशाने खाली ठेवली आणि पलीकडची, स्वच्छ बाजूची पातळी भरणाने उंच राखली, तर भिंतीस एखादी चीर असली तरी तिच्यातून स्वच्छ पाणी आत येईल, दूषित पाणी बाहेर जाणार नाही. या साऱ्या व्यवस्थेचे मर्म एवढ्या एका गोष्टीत आहे. खरा पहारा दोन पातळ्यांमधील फरकाचा असतो; भिंत त्याला साहाय्य करते.

मोठा विस्तार, नवी अडचण

चाचणी समाधानकारक ठरली. १९८१-८२ मध्ये भिंत ६,७४० फुटांपर्यंत, म्हणजे सव्वा मैलाहून अधिक लांब करण्यात आली. उपसा विहिरी ५४ झाल्या, भरण विहिरी ३८. त्याच सुमारास पश्चिमेकडील आयर्नडेल भागात कंपनीने दुसरी व्यवस्था उभी केली. तीत भिंत मुळीच नव्हती. उपसा विहिरींच्या रांगा आणि त्यांच्यापुढे भरण विहिरींची रांग, एवढ्यावरच पाणी अडविले होते. १९८४ मध्ये वायव्य सीमेवर तिसरी व्यवस्था आली.

परंतु वर दिलेले आकडे पुन्हा एकदा पाहावेत. चाचणीत भरण विहिरी उपसा विहिरींच्या दुप्पट होत्या. विस्तारात त्या उपसा विहिरींहून कमी झाल्या. प्रत्यक्षात उत्तर सीमेवर, विशेषतः तिच्या पश्चिमेकडील भागात, जमीन पुरेसे पाणी परत घेईना. पाणी परत घालता येईना म्हणून उपसाही हात राखून करावा लागे, आणि त्यामुळे दूषित बाजूची पातळी स्वच्छ बाजूपेक्षा उंच राही. म्हणजे जो फरक राखावयाचा, नेमका त्याच्या उलट! कोळशातून निघणारे पाणी निर्मळ होते, कागदोपत्री यंत्रणा चालू होती, आणि तरीही भिंतीखालील खडकाच्या भेगांतून दूषित पाणी पुढे सरकण्याची भीती कायम होती. ही गोष्ट उघड केली ती निरीक्षण विहिरींतील पातळ्यांच्या नोंदींनी.

यावर काढलेला उपाय आपल्या शेतकऱ्यासही सुचला असता. विहिरीऐवजी चर! १९८८ ते १९९० या काळात भिंतीपलीकडे खडीने भरलेले लांब चर खणण्यात आले. विहिरीच्या जाळीपेक्षा चराचा तळ आणि बाजू यांचे क्षेत्रफळ कितीतरी मोठे. त्यामुळे तेच पाणी सहज मुरू लागले. दोन्ही बाजूंच्या पातळ्या हव्या तशा झाल्या.

कोळशाच्याही काही मर्यादा होत्या. मीठ तो धरीत नाही. ज्या क्लोराइडने वाट दाखविली, त्याला तो अडवू शकत नव्हता. पुढे पाण्यात आणखी एक द्रव्य सापडले, ज्यावर कोळशाची मात्रा चालेना. त्यासाठी अतिनील किरणांची जोड द्यावी लागली. आणि जे विष भिंत बांधण्यापूर्वीच बाहेर गेले होते, त्याचे काय? त्यासाठी कुंपणाबाहेर स्वतंत्र उपसा-भरण व्यवस्था १९९३ मध्ये सुरू करावी लागली, आणि ज्यांच्या विहिरींत डिम्प ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक होते त्या घरांना नळाचे पाणी द्यावे लागले. हे प्रमाण किती असावे यावरही वाद झाला. केंद्रीय यंत्रणेच्या मते लिटरमागे ६०० मायक्रोग्रॅमपर्यंत धोका नव्हता. कोलोराडो राज्याने ८ ही मर्यादा ठरविली. ज्याची विहीर, त्याच्या दृष्टीने या दोन आकड्यांत किती अंतर आहे, हे समजावून सांगावयास नको.

किती वर्षे?

अशा व्यवस्थेस किती काळ चालवावे लागते, हा प्रश्न विचारल्यावाचून ही हकीकत पुरी होत नाही. आमच्या शाळेत मुलांना एक साधा प्रयोग दाखवितात. तो घरी मुलांकडून करवून घेण्यासारखा आहे. काचेच्या लांबट पेटीत वाळू भरावी, मध्ये दोन बोटे जाडीची चिकणमातीची वडी ठेवावी, आणि लाल शाईच्या पाण्याने सारे भिजवून दोन-तीन दिवस ठेवावे. मग एका टोकाकडून स्वच्छ पाणी घालीत दुसऱ्या टोकाकडून नळीने काढावे. प्रथम गडद लाल पाणी येते, मग फिके, आणि थोड्याच वेळात जवळजवळ स्वच्छ. मुले टाळ्या वाजवतात. पण पेटी तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पाहिले तर पाण्यावर पुन्हा लाली चढलेली असते. वाळूतील शाई निघून गेली. मातीत शिरलेली शाई हळूहळू बाहेर येत राहते. ती पाण्याच्या वेगाने येत नाही, स्वतःच्या मंद गतीनेच येते. आपण पंप कितीही जोरात चालविला तरी तिला घाई नसते.

डेन्व्हरच्याच काय, जगातील अशा बहुतेक ठिकाणी हाच अनुभव आला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४ साली ‘उपसा आणि शुद्ध करा’ या पद्धतीच्या ७७ स्थळांचा आढावा घेतला. त्यांपैकी ६९ ठिकाणी ठरविलेली शुद्धता तोवर गाठली गेली नव्हती. यावरून ही पद्धत निष्फळ आहे असे अनुमान काढणे मात्र चुकीचे ठरेल. दूषित पाणी जागच्या जागी थोपवून धरणे आणि पलीकडच्या लोकांच्या विहिरी वाचविणे, हे काम ती निःसंशय करते. गेलेले आरोग्य परत आणणारे ते औषध नव्हे. रोग पसरू न देणारे ते पथ्य आहे. आणि पथ्य सोडले की काय होते, हे आपण जाणतोच.

आर्सेनलच्या आवारातील जमिनीवरील सफाईचे काम २०१० मध्ये पूर्ण झाले. तेथे आता राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्य आहे. २००७ पासून गवताळ रानात बायसनचे कळप चरतात. शाळांच्या सहली तेथे जातात. जेथे सरीन बनत होते तेथे हरणे पाहावयास मिळतात, हे निश्चित आनंदाचे आहे. परंतु त्या गवताखाली, सीमेवरच्या विहिरींतून, उपसा आणि भरण अद्याप चालू आहे. ज्यांनी तळ्यात सांडपाणी सोडले त्यांपैकी बहुतेक आज हयात नसतील. त्यांच्या नातवंडांच्या वयाची माणसे आज तेथे पाण्याच्या पातळ्या मोजीत आहेत.

आपल्या दाराशी

हे सारे परदेशातले, असे म्हणून मासिक मिटता आले असते तर बरे झाले असते. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचे गाव आहे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तेथील रासायनिक कारखान्यांचा गाळ आणि सांडपाणी जमिनीत मुरले आणि गावच्या विहिरींचे पाणी लालसर काळपट झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे ‘नीरी’ने, पाहणी करून न्यायालयापुढे अहवाल ठेवला. जो दूषित करील तोच निस्तरण्याचा खर्च सोशील, हे तत्त्व न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ च्या निकालात ठामपणे लागू केले. तरीही पैशाच्या वसुलीचा वाद पुढे पंधरा वर्षे चालला आणि २०११ साली न्यायालयाला ३७ कोटींहून अधिक रकमेवर चक्रवाढ व्याज लावावे लागले. रक्कम ठरली, पण तोवर गावकऱ्यांनी ज्या विहिरी सोडल्या, त्यांचा हिशेब कोणत्या व्याजाने करावा?

जल-प्रदूषणाचा आपला कायदा १९७४ चा आहे. ज्या वर्षी डेन्व्हरच्या सीमेवर डिम्प सापडले, त्याच वर्षीचा. कायदा जमिनीखालच्या पाण्यालाही लागू आहे. पण कायद्याचा निरीक्षक रोज आपल्या गल्लीत येणार नाही. आपल्या वस्त्यांच्या शेजारी औद्योगिक वसाहती वाढल्या आहेत. कोठे रंगाचे पाणी नाल्यात, कोठे नाल्याचे पाणी पडीक विहिरीत, असे प्रकार ऐकू येतात. कोरडी पडलेली बोअर ही सांडपाणी सोडण्याची सोयीची जागा आहे, असे मानणारे महाभाग केवळ कारखान्यांतच असतात असेही नाही. घराचे संडासाचे पाणी जुन्या आडात सोडून वर फरशी घालणारी सुशिक्षित कुटुंबेही असतात.

आता तर भरण विहीर ही वस्तू आपल्या घरी आलेली आहे. छतावरचे पावसाचे पाणी बोअरमध्ये सोडण्याची पद्धत अनेक नगरांत रूढ होत आहे आणि ती स्तुत्यच आहे. परंतु भरण विहिरीचा नियम लहान-मोठ्या सर्वांना सारखा. वरून पाणी मुरते तेव्हा मातीचे थर ते थोडेबहुत गाळतात. बोअरमधून घातलेले पाणी त्या साऱ्या थरांना ओलांडून थेट खाली जाते. म्हणून पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी वाहू द्यावे, गच्ची झाडून घ्यावी, वाळू-खडी-कोळशाचा गाळा बसवावा आणि तो दरवर्षी पावसाळ्यापूर्वी धुवावा. अंगणातले, गाडी धुतलेले, रस्त्यावरचे पाणी त्या नळीत कदापि जाऊ देऊ नये. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, बोअरच्या पाण्याची तपासणी करून घ्यावी आणि तिचा कागद घरच्या इतर महत्त्वाच्या कागदांबरोबर जपून ठेवावा. एका वर्षाचा कागद फारसे बोलत नाही. दहा वर्षांचे कागद एकाखाली एक मांडले म्हणजे ते बोलू लागतात. एव्हान्सने दोन तक्ते मांडूनच एका शहराच्या भूकंपांचे कारण शोधले होते.

शेजाऱ्याशी आपली भिंत सामाईक असते तेव्हा आपण तिच्या दुरुस्तीसाठी एकत्र येतो. जमिनीखालचे पाणी हे अशाहून अधिक सामाईक आहे. त्याला भिंतच नाही. माझ्या बोअरमध्ये जे जाते ते उद्या शेजारच्या वहिनींच्या हंड्यात येते, आणि परवा त्यांच्या नातवाच्या पेल्यात. डेन्व्हरच्या लोकांनी सव्वा मैलाची भिंत आणि शंभराच्या घरातल्या विहिरी बांधून जे राखले, ते आपल्याला अद्याप पुष्कळ ठिकाणी काही न बांधता राखता येण्यासारखे आहे. त्यास खर्च थोडा आहे आणि नेटाने लक्ष ठेवणे पुष्कळ. पुढच्या पिढीने आड उघडून पोहरा सोडला, तर त्यात काय यावे, हे आज आपल्याच हाती आहे.